थांबलेल्या हृदयाची राखण : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मुंबईस परळ येथे के. ई. एम. या नावाने प्रसिद्ध असलेले जे महापालिकेचे रुग्णालय आहे, त्याची ओळख बऱ्हाणपुरातील वडीलधाऱ्या मंडळींस नव्याने करून द्यावयास नको. भुसावळवरून मुंबईस जाणाऱ्या गाड्यांनी निमाड, खानदेश आणि वऱ्हाड या भागांतील कितीतरी रोगी आजवर तेथे गेले आहेत. याच रुग्णालयात विसाव्या शतकाच्या मध्यास एक शल्यचिकित्सक होऊन गेले. माणसाचे हृदय उघडावे, आतील दोष दुरुस्त करावा आणि ते पुन्हा पूर्ववत चालू करावे, ही गोष्ट आपल्या देशात अशक्यप्राय मानली जात असता त्यांनी ती अंगावर घेतली. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. १९६८ साली त्यांनी केलेल्या हृदयारोपणाची वार्ता देशभर गाजली आणि जुन्या पिढीस ते त्याच एका गोष्टीमुळे स्मरतात. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्रात एक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचा स्नायू जिवंत कसा राखावा, हा तो प्रश्न. सेन त्यास निरनिराळ्या वाटांनी वर्षानुवर्षे सामोरे जात राहिले.

सेन हे जन्माने बंगाली. ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यास त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण मात्र त्यांनी मुंबईत, शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले आणि पुढे त्यांची कर्मभूमीही तीच झाली. या महाविद्यालयाचा थोडा इतिहास येथे सांगितला पाहिजे. ते आणि त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ च्या सुमारास सुरू झाले. त्या काळी मोठमोठ्या रुग्णालयांतील वरच्या जागा इंग्रज डॉक्टरांसाठीच राखल्या जात. गोरधनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अशी अट घातली, की येथील अध्यापक व वैद्य हिंदीच असावेत. सरकारी अहंकारास ही अट रुचली नसेल. पण तिच्यामुळे येथे शिकलेल्या मुलांस आपल्याच माणसांच्या हाताखाली तयार होता आले, आणि पुढे स्वतःची बुद्धी चालविण्याची मुभाही मिळाली. सेन हे त्या परंपरेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने त्यांस परदेशी जाऊन नवी शस्त्रविद्या पाहता आली, आणि पुढे याच प्रतिष्ठानाची मदत त्यांच्या विभागासही लाभली.

परत आल्यावर त्यांच्यापुढे जे रोगी येत, त्यांत तरुणांचा व मुलांचा भरणा मोठा असे. याचे कारण आपल्या देशात फार पसरलेला एक आजार. मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. सांधे काही दिवसांनी बरे होतात, परंतु तो ताप हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जातो. झडपेच्या कडा एकमेकींस चिकटतात, वाट अरुंद होते आणि रक्त फुप्फुसांत तुंबू लागते. १९५२ च्या सुमारास सेन यांनी या झडपा मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया के. ई. एम. मध्ये सुरू केली. हृदयाच्या डाव्या कर्णिकेस लहानसा छेद द्यावयाचा, तर्जनी आत घालावयाची आणि चिकटलेल्या कडा बोटाने सोडवावयाच्या. हृदय सारा वेळ धडधडत असते. डोळ्यांस काहीच दिसत नाही. जे काही कळते ते बोटाच्या टोकास. आमच्या घरच्या कोकणीत हृदयास काळीज म्हणतात आणि मराठीत तोच शब्द धैर्यासाठीही योजतात. ही शस्त्रक्रिया करणाऱ्यास दोन्ही अर्थांनी काळीज हाताळावे लागत असले पाहिजे!

पण बोटाने सारेच दोष दूर होत नाहीत. कित्येक मुलांच्या हृदयातील पडद्यास जन्मतःच छिद्र असते. ते शिवावयाचे तर हृदय उघडावे लागते आणि आतील रक्त बाजूस सारावे लागते. येथेच खरी अडचण उभी राहते. ती समजण्यासाठी आपल्या गावाचेच उदाहरण पुरेसे आहे. बऱ्हाणपूर हे तापीच्या काठी वसलेले शहर. किल्ल्याच्या भिंतीखालून नदी वाहते. तरीही सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, शहरास पिण्याचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याकडून भुयारी मार्गाने आणण्यात आले. तो कुंडी भंडारा आणि त्याच्या शंभराहून अधिक कुंड्यांची रांग आपल्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेलीच असते. हृदयाची रचना अशीच आहे. त्याच्या पोकळ्यांतून रक्ताची नदी अहोरात्र वाहते, पण त्याच्या जाड भिंतीची तहान त्या नदीने भागत नाही. महारोहिणीच्या मुळाशी दोन बारीक रोहिण्या फुटतात. त्यांच्या शाखा भिंतीत खोलवर जाऊन स्नायूच्या कणाकणास प्राणवायू पोचवितात. शस्त्रक्रियेसाठी महारोहिणी चिमट्याने बंद केली, की या भुयाराचे तोंडच बंद होते. मेंदू तर चार मिनिटांहून अधिक काळ रक्तावाचून तग धरीत नाही. हृदयाचा स्नायू त्याहून चिवट खरा, पण त्यासही मर्यादा आहे. आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही शेवटी स्नायूच उठला नाही, तर त्या शिवणकामाचा उपयोग काय?

या अडचणीवर पहिला उपाय सापडला तो थंडीचा. कॅनडातील टोरांटो येथील डॉ. बिगेलो यांनी १९५० साली दाखवून दिले, की शरीर थंड केले असता त्याची प्राणवायूची भूक कमी होते. सदतीस अंशांवरून तीस अंशांपर्यंत उतरविले, तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीस अठ्ठावीस अंशांपर्यंत थंड करून तिच्या हृदयात शिरणारे रक्त साडेपाच मिनिटे थांबविले आणि तेवढ्या अवधीत पडद्यातील छिद्र डोळ्यांनी पाहून शिवले. ती मुलगी बरी झाली.

सेन यांनी हीच रीत परळला आणली आणि १९५० नंतरच्या दशकात थंडीच्या आश्रयाने हृदय उघडून पडद्यातील छिद्रे बंद केली. या रीतीत रोग्यास भूल देऊन बर्फाच्या पाण्यात ठेवीत किंवा गार पाणी खेळविलेल्या चादरींत गुंडाळीत. थंडी कमी पडली तर वेळ पुरत नसे. जास्त झाली, अठ्ठावीस अंशांच्याही खाली गेली, तर हृदय ठोके देण्याचे सोडून नुसते थरथरू लागे. या दोन टोकांच्या मध्ये सहा ते आठ मिनिटांची फट मिळे. तेवढ्यात छेद, निरीक्षण, शिवण आणि पुन्हा बंद करणे, सारे आटोपावे लागे. परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत आपली काय त्रेधा उडते ते विद्यार्थ्यांनी आठवावे, म्हणजे त्या खोलीतील शांततेची कल्पना येईल.

सहा मिनिटांत साधे छिद्र शिवता येते. गुंतागुंतीचा दोष नव्हे. त्यासाठी हृदयाचे व फुप्फुसांचे काम काही काळ बाहेरून करणारे यंत्र हवे होते. अमेरिकेतील डॉ. गिबन यांनी वीस वर्षांच्या खटपटीनंतर ६ मे १९५३ रोजी अशा यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षांच्या मुलीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. ही वार्ता मुंबईस पोचण्यास वेळ लागला नाही, पण यंत्र आणणे व ते येथे चालविणे ही गोष्ट निराळी. त्याचे भाग परदेशी, दुरुस्ती करणारा कारागीर मिळण्याची मारामार, आणि एकेका शस्त्रक्रियेसाठी यंत्र भरावयास रक्ताच्या अनेक बाटल्या लागत. रक्तदानाची तर आपल्याकडे तेव्हा फारशी सवयही नव्हती. मुंबईत या कामी दोन गट झटत होते. सेन यांच्या गटाचा भर परदेशी साहाय्यावर व यंत्रसामग्रीवर होता, तर डॉ. केरसी दस्तूर यांनी येथेच मिळणाऱ्या वस्तूंतून आपले यंत्र उभे केले. कोणाची वाट बरोबर, यावर वाद घालता येईल. आमचे मत विचाराल तर रोग्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा हव्याच होत्या. १९६२ पर्यंत मुंबईत व दक्षिणेस वेल्लूर येथे यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

यंत्रामुळे मेंदू वाचला, मूत्रपिंडे वाचली. हृदयाचा स्नायू मात्र उपाशीच राहिला. धडधडणाऱ्या हृदयावर बारीक टाके घालणे कठीण, आणि धडधडणाऱ्या स्नायूस भूकही फार. लंडनचे डॉ. मेलरोझ यांनी १९५५ साली सुचविले, की पोटॅशियमचा क्षार महारोहिणीच्या मुळाशी सोडून हृदय मुद्दामच थांबवावे. थांबलेल्या हृदयास चालत्या हृदयाच्या सुमारे एक दशांशच प्राणवायू पुरतो. पोटॅशियमने हृदय सैल पडून थांबते, हे १८८० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्याच डॉ. सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर दाखविले होते. रुग्णालयात सलाईनच्या ज्या बाटलीवर रिंगर लॅक्टेट असे लिहिलेले असते, ते हेच रिंगर. मेलरोझ यांची कल्पना बरोबर होती, पण क्षाराची मात्रा फार कडक ठरली. स्नायूस इजा झाल्याचे दिसून आले आणि १९६० नंतर बहुतेकांनी ती रीत टाकून दिली. पुन्हा थंडीचा, बर्फाच्या गार पाण्याचा आश्रय घेण्यात आला.

अशा त्या काळात सेन यांनी जी कल्पना काढली, ती आम्हांस त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण वाटते. तिचा गुरू होता साप! सापाच्या हृदयाची भिंत आपल्या हृदयासारखी घट्ट नसून स्पंजासारखी सच्छिद्र असते. तिला वेगळ्या रोहिण्यांचा फारसा आधार नाही; आतील पोकळीतले रक्तच त्या छिद्रांतून स्नायूत झिरपते. उन्हाळ्यात नदी आटली, की वाळूत खड्डा खणून लोक झिऱ्याचे पाणी काढतात, तसाच हा प्रकार. आईच्या उदरातील अर्भकाचे हृदयही आरंभी असेच स्पंजासारखे असते, आणि पुढे हळूहळू घट्ट होते. मग ज्या रोग्याच्या हृदयातील रोहिण्या तुंबल्या आहेत, ज्याचा कुंडी भंडारा गाळाने भरला आहे, त्याच्या भिंतीस आतून बारीक छिद्रे पाडून नदीचेच पाणी का मुरवू नये? सेन यांनी प्रथम कुत्र्यांवर प्रयोग केले, मग काही रोग्यांवर. डॉ. उडवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. पारुलकर या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६५ साली हे काम अमेरिकेतील एका प्रतिष्ठित शल्यनियतकालिकात प्रसिद्ध केले.

सुईने पाडलेली छिद्रे पुढे बुजत, हे खरे. त्यामुळे ती शस्त्रक्रिया रूढ झाली नाही. परंतु पुढे लेसर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्याचा उपाय निघाला आणि १९९८ साली अमेरिकन सरकारने त्यास मान्यता दिली, तेव्हा परळच्या या जुन्या लेखाचे स्मरण जाणत्यांस झाले. लेसरचाही उपयोग आज थोड्याच रोग्यांपुरता होतो. तरीही सापाच्या काळजात डोकावून माणसाच्या काळजाचा विचार करणारा हा पुरुष साधा नव्हता, एवढे कोणीही कबूल करील.

आता त्या गाजलेल्या घटनेकडे वळू. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी मृताचे हृदय काढून जिवंत माणसाच्या छातीत बसविले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉ. कँट्रोविट्झ यांनी तीन आठवड्यांच्याही आतील एका बालकास थंड करून दुसऱ्या अर्भकाचे हृदय बसविले; ते बालक काही तासच जगले. सेन यांनी यापूर्वीच अनेक वर्षे कुत्र्यांवर हृदयारोपणाचे प्रयोग केले होते. १९६८ च्या फेब्रुवारीत, १६ व १७ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, के. ई. एम. मध्ये त्यांनी एका तरुण शेतकऱ्यास अपघातात मरण पावलेल्या स्त्रीचे हृदय बसविले. जगातील हे सहावे हृदयारोपण आणि आशिया खंडातील पहिले. नवे हृदय चालू झाले. पण रोगी सुमारे तीनच तास जगला. त्याच वर्षी सेप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात रोगी सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर भारतात हे काम थांबले ते तब्बल सव्वीस वर्षे.

यावर टीकाही झाली. जेथे साध्या रोगांवर औषध मिळत नाही तेथे हा खटाटोप कशासाठी, असा एक आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. हृदय चालू असतानाही माणूस मेला असे म्हणावे कधी, हे ठरविणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. हृदय पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, तर प्रत्येक क्षणास त्याचा स्नायू मरू लागतो. वाट पाहू नये, तर न्याय कोणता? सेन ज्या प्रश्नाशी झगडत आले होते तोच येथे पुन्हा त्यांच्यापुढे उभा होता, आणि आता त्यास कायद्याचे व धर्माचेही फाटे फुटले होते. हा कायदा १९९४ साली संमत झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयारोपण यशस्वी झाले. पहिल्या आक्षेपाबद्दल आम्ही इतकेच म्हणू, की हृदयारोपणासाठी जे शिकावे लागले, थंडी, यंत्र, रक्त, भूल आणि रात्रीची शुश्रूषा, ते सारे पडद्यास छिद्र असलेल्या गरिबाच्या मुलाच्याही उपयोगी पडणारे होते. भारत सरकारने सेन यांस पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले.

दरम्यान तो जुना प्रश्न जगभर पुढे सरकत होता. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. कूली यांनी अशा हृदयांचे वर्णन केले, की जी शस्त्रक्रियेनंतर आकसून दगडासारखी कठीण झाली होती व पुन्हा सैल पडलीच नाहीत. या दगडी हृदयांनी साऱ्यांचे डोळे उघडले. त्यानंतर तीन-चार वर्षांत लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हर्स व ब्रेमब्रिज यांनी पोटॅशियमची सौम्य मात्रा, मॅग्नेशियम आणि थंडी यांचा मेळ घालून हृदय निर्धास्तपणे थांबविण्याचे द्रावण सिद्ध केले. त्याचे पहिले रूप रिंगरच्याच द्रावणात मिसळून वापरीत. मेलरोझ यांची टाकून दिलेली कल्पना अशी वीस वर्षांनी परत आली.

२२ जुलै १९८२ रोजी सेन निवर्तले. लहान मुलांच्या हृदयासाठी वेगळा विचार हवा, ही जाणीव त्यानंतरच्या दशकात पक्की झाली. लहान मुलाचे हृदय म्हणजे मोठ्या हृदयाची छोटी प्रत नव्हे. मोठ्यांच्या स्नायूत कॅल्शियमचा साठा पेशींच्या आतच सांभाळलेला असतो. तान्ह्याच्या स्नायूत ते कोठार अद्याप बांधून पुरे झालेले नसते, म्हणून त्यास बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर विसंबावे लागते. थांबलेल्या हृदयात रक्त परत सोडले, की हेच कॅल्शियम एकदम आत घुसून स्नायूस आखडू शकते. निरोगी तान्ह्याचे हृदय उपाशीपणा एरव्ही बऱ्यापैकी सोसते, पण जे मूल जन्मापासून निळे आहे त्याचे हृदय आधीच थकलेले असते. १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डॉ. डेल निदो व त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी एक द्रावण तयार केले. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. पोटॅशियम व मॅग्नेशियम आहे. दात काढताना हिरडी बधिर करण्यास वापरतात ते लिग्नोकेनही आहे. अशा चार भाग द्रावणात एक भाग रक्त मिसळून ते थंडगार करून सोडतात. एकदा दिले की तासाभराहून अधिक काळ पुरते, त्यामुळे शस्त्रक्रिया मधेच थांबवून पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाही. भारतातील अनेक रुग्णालयांत आज हे द्रावण वापरात आहे.

शाळांतून मुलांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील डॉक्टर छातीस नळी लावून जे ऐकतात, त्यात हृदयाच्या पडद्यातून जाणाऱ्या रक्ताचा खळखळाटही असू शकतो. तो ऐकू आलेल्या एखाद्या मुलास पुढे मोठ्या शहरी नेतात. शस्त्रक्रियागृहात त्याची महारोहिणी चिमट्याने बंद होते, द्रावण आत जाते, हृदयालेखावरील वरखाली होणारी रेघ सपाट होते आणि हृदय मऊ पडून स्थिर राहते. सेन यांच्या काळातील सहा मिनिटांच्या जागी आता तासाभराचा अवकाश असतो. भिंतीवरचे घड्याळ मात्र तेव्हासारखेच सारेजण पाहतात. चिमटा लावला ती वेळ कोणीतरी मोठ्याने सांगतो, दुसरा ती लिहून घेतो; आणि चिमटा सोडल्यावर पुन्हा एक वेळ त्याच कागदावर खाली लिहिली जाते.